पलीकडच्या हातचे तेल

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. तुमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात मला ठेवले आहे. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाक लावून पाहता, तेव्हा माझ्या अंगावरचे लाल, पांढरे, हिरवे पोपडे दिसतात. त्या रंगांचा तुम्हाला अभिमान वाटतो. मलाही वाटायचा. पण किल्लीच्या भोकापाशी रंग खरवडलेला का आहे, हे कोणीच विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

आपल्या नदीला दोन नावे आहेत. पलीकडे रुमानियात ती क्रिश, अलीकडे हंगेरीत केरेश. पाणी एकच. पूर आला की पलीकडची घरे बुडत, आणि पाण्याला पसरायला जागा होती ती अलीकडे, आपल्या कुरणात. म्हणून दोन्ही देशांनी करार केला. कुरणाच्या तोंडाशी, ऐन सीमेवर, बंधाऱ्यात लोखंडी दरवाजा बसवला. त्याच्या चाकावर आडवा गज आणि गजाच्या दोन टोकांना दोन कुलुपे. एकाच लोहाराने एकाच सळईतून आम्हा दोघांना घडवले. माझी किल्ली आपल्या पहारेकऱ्याकडे, माझ्या भावाची पलीकडच्याकडे. पाणी दगडावरच्या तांबड्या रेघेला लागले की दोघांनी मिळून उघडायचे. एकट्याने उघडायचे नाही आणि एकट्याने अडवायचेही नाही, असे करारात लिहिले होते. उघडायचे नाही, ते आम्ही कुलुपांनी सांभाळले. अडवायचे नाही, ते माणसांवर सोपवले होते.

आपला पहारेकरी अंब्रुश, पलीकडचा सेवेर. दर वर्षी एप्रिलमध्ये, संत जॉर्जच्या दिवशी, गुरे कुरणात सोडण्याआधी, दोघे बंधाऱ्यावर येत. सेवेर मला तेल घाली, अंब्रुश माझ्या भावाला. मग दुसऱ्याची किल्ली मागून घेऊन फिरवून पाहत.

"स्वतःच्या कुलपाचे माणूस लाड करतो, तपासत नाही," सेवेर म्हणे.

नंतर पाव, कांदा आणि खारवलेली चरबी.

"तुमच्या पावात भोकंच फार," सेवेर म्हणे.

"तुमच्या रस्त्यापेक्षा कमीच," अंब्रुश म्हणे, आणि मोठा तुकडा त्यालाच देई.

मग दिवस पालटले. आपल्या मातीत पाणी कधी सोडायचे हे परक्यांनी का सांगावे, असे चौकात भाषणांतून विचारले जाऊ लागले. प्रश्न अगदीच खोटा नव्हता. कुरण आपले होते, गवत आपले होते. कचेरीतून हुकूम आला की परक्या माणसाने आपल्या कुलपाला हात लावायचा नाही. पलीकडेही तसाच हुकूम निघाला. त्या वर्षी राष्ट्रीय सणाला मला आपल्या झेंड्याच्या तीन रंगांत रंगवले. बँड वाजला. मी फुगून गेलो. ओला रंग माझ्या पोटात ओघळतो आहे हे मला जाणवले होते, पण कौतुकापुढे मी ते मनावर घेतले नाही. अंब्रुश दर आठवड्याला मला फडक्याने पुसायचा, पण बाहेरून. आत किल्ली फिरवून पाहणे हे सेवेरचे काम, आणि सेवेरला बंदी. अशी चार वर्षे गेली.

पाचव्या वर्षी जूनमध्ये, गवत कापणीला आले असताना, पाणी चढले. दुपारी ते तांबड्या रेघेला लागले. सेवेरने माझ्या भावाला मोकळे केले आणि तो आपल्या बाजूला उभा राहिला. पायाशी तेलाची बुधली होती. मागे त्याची सून फ्लोरिका तान्ह्या मुलीला शालीत घट्ट बांधून उभी होती. ती पाण्याकडे पाही, मग मुलीकडे, मग पुन्हा पाण्याकडे. पलीकडे खालच्या आळीतली घरे उंबऱ्यापर्यंत भिजली होती.

अंब्रुशने कचेरीला फोन लावला.

"लेखी हुकूम येईपर्यंत कुलपाला हात लावू नका," साहेब म्हणाले. "जमीन आपली, निर्णय आपला."

"साहेब, पण करार आहे."

"करार राजधानीत आहे. तुम्ही बंधाऱ्यावर आहात."

"हो. पाणीपण बंधाऱ्यावरच आहे," अंब्रुश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात एतेल्का धावत आली. कुरणात सगळ्यात जास्त गवत तिचे होते.

"अंब्रुश, तुझ्या दोस्तासाठी माझ्या गाई उपाशी मारणार का?"

शालीतली मुलगी रडू लागली. एतेल्काने तिकडे पाहिले, बराच वेळ पाहिले.

"किती महिन्यांची?"

"चार," फ्लोरिका म्हणाली. "ताई, आमचं घर खालच्या आळीत आहे."

एतेल्काने डोक्याला बांधलेला रुमाल ओढून काढला आणि तोंड पुसले. "मग उघड की मेल्या. रेंगाळत काय बसलास?"

अंब्रुशने किल्ली लावली. ती शिरेना. माझ्या पोटातला रंग दगडासारखा घट्ट झाला होता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी कधीच वाटली नाही.

"सेवेर," अंब्रुश म्हणाला, "इकडे ये."

"बंदी आहे मला."

"मलाही आहे. ये."

सेवेर सीमेची रेघ ओलांडून आला. त्याने चाकूच्या टोकाने माझे तोंड खरवडले, तेल ओतले, किल्ली हळूहळू आत सारली. माझा भाऊ शेजारी उघडा लटकत होता. तिसऱ्या खेपेला मी वळलो.

दोघांनी मिळून चाक फिरवले. पाणी कुरणात शिरले. उभे गवत हलकेच झुकले आणि दिसेनासे झाले. एतेल्का ते पाहत राहिली. पलीकडची आळी वाचली.

हिवाळ्यात त्या आळीने एतेल्काच्या दारात चाऱ्याच्या गाड्या आणल्या. हुकूम मोडला म्हणून गेलेली अंब्रुशची नोकरी मात्र परत आली नाही. आता दरवाजा विजेवर चालतो. दोन देशांत दोन बटणे आहेत. ती कोण तपासते, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझा रंग पुन्हा उजळू नका. एवढे करा, संत जॉर्जच्या दिवशी कपाट उघडा आणि मला दोन थेंब तेल घाला. पण ते तुम्ही घालू नका. पलीकडच्या शाळेतल्या मुलांना बोलवा.