रतनबाईची हजेरी

सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी विजयमालाबाईंनी ओढली, आणि ग्रामसभेला सरपंचाच्या खुर्चीवर जाऊन बसले त्यांचे यजमान अर्जुनराव. गावात चार वर्षं हे असंच चाललेलं. सरपंचाची जागा बायांसाठी राखीव निघाली म्हणून नाव बाईंचं. बाकी सगळा कारभार साठ एकर बागायतीच्या मालकाचा. विजयमालाबाई सतरंजीवर बायांत टेकल्या. खुर्चीकडं बघायची सवय त्यांनी केव्हाच मोडली होती.

आज विषय एकच, गायरानाचा. ओढ्यापलीकडचा तीस एकर माळ सौर कंपनीला तीस वर्षांच्या करारानं द्यायचा. ठराव झाला की तारेचं कुंपण पडणार. ज्याला रान आहे त्याला बांधावर चारा मिळतो; ज्याला नाही त्याची शेळी ह्याच माळावर जगते. आणि असली सगळी माणसं दिवाळीपासून कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. निम्म्या घरांना कुलपं होती. मुहूर्त काढावा तर अर्जुनरावांनीच!

"एकशे सात सह्या. कोरम पूर्ण," ग्रामसेवक हरिओम रजिस्टर बघून म्हणाला. सतरंजीवर जेमतेम साठ माणसं होती. बघत सगळेच होते, पण बघणं वेगळं आणि बोलणं वेगळं.

मागून काठी टेकत रतनबाई उठली. साठीची बाई, खांद्यावर घोंगडं, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं.

"भाऊसाहेब, नावं वाचा की."

"तुला वाचता येतं का गं?" अर्जुनराव हसले.

"न्हाई येत, मालक. म्हनूनच त्यांना म्हनते."

लोक खुदखुदले. अर्जुनरावांनाही गंमत वाटली. "वाचा हो, होऊ द्या म्हातारीचं समाधान."

हरिओमनं मधूनच सुरुवात केली. "सटवा लिंबाजी."

"उसाला गेलाय. त्याची कबरी शेळी आन दोन पिल्लं माझ्यापाशी हायत."

हशा पिकला.

"साखराबाई."

"उसाला. एका शिंगाची काळी."

"सिदू."

"उसाला. पयल्या वेताची पाटी गाभण हाय त्याची. व्याली की फोन कर काकू म्हनलाय."

"संगीता."

"तिची बांडी. संगीताबिगर कुनाला दूध देत न्हवती, आता देती."

हशा हळूहळू विरला. गावातली रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. तोडीला निघताना माणसं शेळी रतनबाईकडं सोडून जात. येणाऱ्या पिल्लांत तिचा वाटा. त्यामुळं गावातून कोण गेलं आणि कोण राहिलं, हे तलाठ्यापेक्षा तिला पक्कं माहीत. ती कधी जनावरं मोजत नसे. दिवस कलला की कळपावरून एकदा नजर फिरवायची आणि कोण नाही ते सांगायची. आता ती माणसांवरून तशीच नजर फिरवत होती. आवाज चढवला नाही, कुणाला खोटं म्हटलं नाही. नाव आलं की शेळी सांगायची, बस्स.

विजयमालाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. काय हिंमत ही! ना सातबाऱ्यावर नाव, ना अक्षराची ओळख, ना पाठीशी कुणी. निवडून आपण आलो, आणि न आलेल्यांच्या वतीनं बोलतेय ही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेहूनही जास्त त्या बाईचा अभिमान वाटला.

चाळीसेक शेळ्या झाल्यावर अर्जुनरावांचा पारा चढला. "बास! शेळ्यांवर कुटं ग्रामसभा चालती का?"

"जिमीन तर शेळ्यांचीच चाललीय, मालक."

रतनबाई हरिओमकडं वळली. "भाऊसाहेब, समद्यात वरचं नाव वाचलंच न्हाई तुमी."

हरिओमनं पानं मागं उलटली. "सौ. विजयमाला अर्जुनराव. सरपंच."

रतनबाईनं बायांच्या घोळक्याकडं पाहिलं, मग काठीवर दोन्ही हात ठेवले.

"त्यांची शेळी न्हाई माझ्यापाशी. त्यांचं मला काय ठावं? त्यांनाच इचारा."

साठ माणसांनी माना वळवल्या. काल संध्याकाळी रजिस्टर घरी आलं तेव्हा विजयमालाबाई चुलीपाशी चहा करत होत्या, आणि बाहेर बैठकीत अर्जुनराव त्यांच्या नावाची सही करत होते. चार वर्षं तेच करत होते. गप्प बसलं तर आताही काही बिघडणार नव्हतं. संध्याकाळी ह्याच माणसाला ताट वाढायचं होतं. पण ती म्हातारी अजून उभीच होती, आणि तिच्या देखत खोटं बोलणं काही त्यांना जमेना.

त्या उठल्या.

"ती सही माझी न्हाई."

"विजयमाला!" अर्जुनराव खुर्चीतूनच गरजले. "खाली बस."

त्या बसल्या नाहीत. "भाऊसाहेब, लिहून घ्या. कोरम न्हाई. गायरानाचा विषय कारखान्याचा पट्टा पडून ऊसतोड सरल्यावर, माणसं गावात आल्यावर. तवर त्यावर सभा लावायची न्हाई."

हरिओमनं पेन उचललं आणि सवयीनं खुर्चीकडं पाहिलं.

"तिकडं न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या. "इकडं बघा."

हरिओम वळला, आणि एकेक ओळ त्यांना विचारून लिहू लागला.