लाल टाचण्यांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुके माझ्या अंगावर आहेत. एका सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मला टांगले, आणि कितीतरी वर्षे कुणी माझ्याकडे पाहिले नाही. मोठे साहेब माझ्यावर डोके टेकवून फोनवर बोलत. त्यांच्या केसांच्या तेलाने माझे चौक गाव कायमचे काळवंडले.

मग डॉक्टर मनाली आल्या. तातडीने कुणी तापाचा रुग्ण आला, की त्याचे गाव विचारून त्या तिथे पिवळी टाचणी टोचत, जुलाबाला लाल. टोचले की दुखायचे, पण आपला काही उपयोग आहे असे पहिल्यांदाच वाटले. भातलावणीत पिवळ्या टाचण्या सगळीकडे पसरत, थंडीत विरळ होत. एका श्रावणात मात्र लाल टाचण्या डोंगराखालच्या एकाच वाडीवर गोळा झाल्या.

तिथले पाणी तपासायला हवे, असे मनालीबाईंनी साहेबांना सांगितले. दुसऱ्या दिवशी वरचे अधिकारी पाहणीला येणार होते. साहेब म्हणाले, "भिंतीला देवी आल्यासारखं दिसतंय. आधी त्या टाचण्या काढा."

काढल्या. पाहुण्यांनी स्वच्छ भिंतीचे कौतुक केले आणि वडे खाऊन ते गेले. केवढी ही हुशारी! रोगराई भिंतीवरून पुसून टाकली.

त्याच संध्याकाळी वाडीच्या सोनाबाई नातीला, हिरूला, खांद्यावर घेऊन धावत आल्या. पोरीचे डोळे खोल गेले होते, नाडी लागत नव्हती.

"घरोघरी ह्येच हाय, बाई," त्या म्हणाल्या. "आमी समदी टाकीचंच पाणी पितो."

हिरू सलाइनवर शुद्धीत येईपर्यंत मनालीबाई हलल्या नाहीत. सकाळी त्यांनी मला गुंडाळून वाडीवर नेले, समाजमंदिरात बायकांसमोर पसरले आणि केसपेपर पाहून पुन्हा लाल टाचण्या टोचल्या. दोन्ही तालुके जवळजवळ मोकळे, आणि त्यांची वाडी लालभडक. बायका उठून टाकीच्या पाइपाच्या मागोमाग चालत गेल्या. पाइप गटारातच फुटला होता. तो त्यांनी ग्रामपंचायतीकडून बदलून घेतला. लाल टाचण्या थांबल्या.

पुढे साहेबांनी मला काचेच्या चौकटीत बसवले, शेजारी उभे राहून फोटो काढला आणि शाबासकी घेतली. मनालीबाईंची बदली झाली. यंदाही पावसाळ्यात माणसे उलट्या-जुलाबांनी वाकून माझ्यासमोरून आत जातात. त्यांचे गाव कुणी विचारत नाही. साहेब रोज माझी काच मात्र पुसून घेतात.

मित्रांनो, असली काळजी मला नको. काच फोडा, आणि मला टोचा.