एकदा आटलेलं

"तुमची बाई कुठी आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"घरी," टेकचंद म्हणाला.

"मंग सोनोग्राफी कोनाची?"

"माहीच."

बाकावरच्या गरोदर बाया पदराआड हसल्या. शहाऐंशी साली भंडाऱ्यात ते यंत्र नवं होतं आणि ते पोटुशा बायकांसाठीच असतं, यावर अख्ख्या जिल्ह्याचं एकमत होतं. इतर कशावरही नव्हतं.

टेकचंद लघवी दाबून बसला. 'भरपूर पाणी प्या आणि थांबा,' असा हुकूम होता, आणि पवनीचा हा विणकर डॉक्टरांचे सगळे हुकूम पाळायचा, गोळी सोडून. प्रेशरची गोळी तो डोकं दुखलं तरच घ्यायचा. न दुखणाऱ्या डोक्याला औषध देणं त्याला जेवून उठलेल्याला पुन्हा पंगतीत बसवण्यासारखं वाटे.

पडद्यावर धुक्याशिवाय काही नव्हतं. डॉक्टरांना मात्र त्यात बरंच दिसलं.

"उजवी किडनी जराशी लहान झाली आहे. प्रेशरमुळे. अजून वेळ गेली नाही. गोळी रोज घ्या, मीठ कमी करा."

"लहान म्हंजे केवढी जी?"

डॉक्टरांनी दोन बोटांत नखभर अंतर धरलं.

टेकचंदचा जीव भांड्यात पडला. त्याच्या मागावरचं लुगडं पहिल्या धुण्यातच टीचभर आटे. आणि एकदा आटलेलं पुन्हा आटत नाही. गिऱ्हाइकांना तो जन्मभर हेच सांगत आला होता.

घरी बेबीबाई तांदूळ निवडत होती. "काय निंगालं?"

"एक किडनी आटली म्हने."

"आता वो?"

"आता काय. आटाची तेवढी आटली. आता नाही आटत."

"डाक्टर असा बोलला?"

"डाक्टरले कापडातलं काय समजते?"

"अन् तुमाले किडनीतलं लई समजते. गोळी घ्या मुकाट्यानं."

ती समोर उभी राही तोवर त्यानं घेतली. मग ती लेकीच्या बाळंतपणाला अड्याळला गेली. गोळीला विचारणारं कोणी उरलं नाही. परत आल्यावर तिनं विचारलं, तर तो "घेतो न" म्हणाला. डोकं काही दुखत नव्हतं.

तीन वर्षांनी पाय सुजले. पुन्हा तेच यंत्र, तेच धुकं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू पुन्हा एकदा तपासल्या.

"दोन्ही किडन्या पार लहान झाल्या आहेत. गोळी घेत होतात ना?"

टेकचंद पडद्याकडे बघत राहिला. "एकडाव आटलेलं पुन्हा कसं आटते जी?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी नागपूरची चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागाखालच्या, पाय सोडून विणायच्या खड्ड्यात उतरला. सुजलेलं पाऊल पावडीवर ठेवलं, दाबलं. पावडी खाली गेली, पण वर येताना पायाला कळलं नाही. आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकला आणि धागे तुटले. बेबीबाई दारात उभी होती. तिनं त्याला हात देऊन वर घेतलं, लुगड्याचा काष्टा आवळला आणि खड्ड्यात उतरली.

तिची वीण सैल पडत होती. टेकचंद भिंतीला टेकून बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाची चूक काढली नाही.