आतला काटकोन

गुण्या मास्तर हे नाव त्यांना कारखान्यातल्या कामगारांनी दिले होते, आणि ते त्यांना शोभत असे. काटकोन तपासण्याचा पोलादी गुण्या पस्तीस वर्षे त्यांच्या वरच्या खिशात, जिथे इतरांचे पेन असते तिथे, वसतीला होता. निवृत्तीनंतर तो त्यांच्याबरोबर घरी आला. दारांच्या चौकटी, टेबलांचे पाय, एकदा तर सुनेने घडी घालून ठेवलेली चादरही मास्तरांनी त्याला लावून पाहिली. सून जिभेची तिखट. "बाबा, चादर नापास झाली असेल तर कारखान्यात परत पाठवू का?" असे तिने विचारले. मास्तर हसले नाहीत. चादर खरोखरच तिरकी होती.

घराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. तिथे कामाचे टेबल, त्यावर घट्ट बसवलेला, धातूचा तुकडा जबड्यात पकडून धरणारा व्हाइस आणि भिंतीतल्या कपाटात आकारवार लावलेल्या कानशी. धातूवर कानस फिरवण्याच्या विद्येला मास्तर साधनेचा मान देत. हाताच्या एका सुताच्या चुकीने माणसाचे चारित्र्य कळते, असा त्यांचा सिद्धांत होता. मुलगा दहा वर्षांचा असताना एकदा कानस घेऊन टेबलापाशी उभा राहिला होता. मास्तरांनी ती त्याच्या हातून काढून घेतली, त्याचे तळवे उजेडात उलटेसुलटे करून पाहिले आणि घरी आलेल्या दोन कामगारांसमोर निर्णय दिला, की या हातांत काही नाही. पुढे कैक वर्षे मुलगा खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून नुसता बघत असे. मोठा झाल्यावर तो कचेरीत लागला.

मास्तरांच्या नोकरीची अखेरची तीन वर्षे मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडून कुणाला सांगितली नव्हती. संगणकावर चालणारी यंत्रे कारखान्यात आली, हातकामाचा विभाग बंद झाला, आणि मास्तरांना भांडारात बसवून हातमोजे वाटायला लावले.

म्हणून मुलाने तसेच एक छोटे यंत्र सुट्या भागांत आणून ते खोलीत जुळवायला घेतले, तेव्हा मास्तरांनी आपले बसणे ओसरीवर हलवले. हौशी माणसासाठीचे सीएनसी होते ते. सांगाडा अॅल्युमिनियमचा, मोटारी तीन, वर गरगरणारा कटर. संगणकावर जे रेखाटावे ते खाली लाकडात उमटे. मुलाने अक्षरे कापली, दिव्याची जाळी कापली, बायकोच्या किल्ल्यांसाठी मासा कापला. कचेरीतून मान खाली घालून येणारा तो गृहस्थ खोलीतून बाहेर पडताना शीळ घालू लागला. मग एका रविवारी यंत्राला जागा अपुरी पडली म्हणून त्याने व्हाइस सोडवून जमिनीवर ठेवला.

त्या दिवशी जेवताना मास्तरांनी ताटाशेजारी इंचभर लांबीरुंदीचा एक पोलादी ठोकळा ठेवला. उमेदवारीच्या काळात त्यांनीच तो घडवला होता.

"तुझ्या यंत्राला एक काम देतो," ते म्हणाले. "करंगळीएवढ्या जाड पितळेत आरपार चौकोन काप. हा ठोकळा कोणत्याही बाजूने फिरवून त्यात गेला पाहिजे आणि कडेने उजेड दिसता कामा नये. यंत्रानं केलं तर खोली तुझी. नाही तर यंत्र घराबाहेर. आठ दिवस."

मुलाने आनंदाने मान डोलावली. वडिलांनी आपल्या यंत्राकडे पाहिले, यातच त्याला धन्य वाटले.

मास्तरांना जे ठाऊक होते ते पहिल्या वर्षाच्या उमेदवारालाही ठाऊक असते. गरगर फिरणारा कटर आतल्या कोपऱ्यात शिरला की तिथे आपली गोलाई ठेवूनच बाहेर येतो. तो कितीही बारीक घ्या. आतला काटकोन त्याच्या नशिबातच नाही. मुलगा स्वतःच शिकलेला, आजवर नक्षीच कापत आलेला. मास्तरांनी त्याला सावध केले नाही. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

रोज सकाळी ते केराच्या टोपलीत डोकावत. तिसऱ्या दिवसापर्यंत तीन कटर मोडले होते, प्रत्येक आधीच्याहून बारीक. चौथ्या दिवशी मुलाने कानशी मागितल्या. यंत्राला कानस कशाला लागते, असे विचारून मास्तरांनी कपाटाला कुलूप लावले. ही अट का घातली गेली, ते मुलाला त्या घटकेला उमगले असावे.

दुपारी सून आली. तिच्या जिभेवर तेव्हा तिखट नव्हते. "बाबा, तो तिथे असतो तेवढाच वेळ माणसात असतो. एवढं नका काढून घेऊ त्याचं."

अट त्यानेच मान्य केली आहे, असे मास्तर म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

त्यानंतर रोज संध्याकाळी यंत्राचा आवाज येत राहिला, पण पोकळ. पस्तीस वर्षांच्या कानाला कळले, की कटर धातूला लागतच नाही, हवेत फिरतो आहे. पोराने हाय खाल्ली आणि आता घरच्यांना दाखवायला यंत्र चालू ठेवतो आहे, असा त्यांनी अर्थ लावला आणि ओसरीवर पाय पसरून बसले.

आठव्या दिवशी सकाळी मुलाने पितळेची चकचकीत पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. सून दाराशी उभी होती. मास्तरांनी ठोकळा चौकोनावर टेकवला. तो आपल्याच वजनाने, सावकाश, श्वास सोडावा तसा आत गेला. त्यांनी तो काढून पाव फेरा फिरवला. गेला. चारही बाजूंनी, मग पट्टी उलटी करून चारही बाजूंनी गेला. पट्टी खिडकीशी धरली. उजेडाची एक रेघ नाही.

त्यांनी भिंग लावले. कोपऱ्यांत अतिसूक्ष्म तिरक्या रेषा होत्या, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या, शेवटी किंचित उचललेल्या. कानशीच्या दातांत कीस अडकू नये म्हणून चोळलेल्या खडूचा पांढरा कण एका कोपऱ्यात राहिला होता. कानस अशी तिरकी घेऊन शेवटी उचलणारा माणूस साऱ्या कारखान्यात एकच होता, आणि त्याने ती रीत कुणालाही शिकवली नव्हती. ती उंबऱ्याबाहेरून पाहून घेतली गेली होती. असे काम मास्तरांनी उभ्या आयुष्यात चारदा पाहिले असेल. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"कोपरे मी हातानं केलेत," मुलगा म्हणाला. "कानस विकत आणली. घासण्याचा आवाज तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून यंत्र मोकळंच चालू ठेवायचो. कटर आत काटकोन कापूच शकत नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"कसे झालेत?"

मास्तरांनी पट्टी टेबलावर ठेवली. "यंत्रानं केलेले नाहीत," ते म्हणाले. "अट यंत्राची होती."

दुपारपर्यंत मुलाने यंत्राचा बोल्ट न् बोल्ट सोडवला. मास्तर ओसरीवर बसून प्रत्येक पाना फिरल्याचा आवाज ऐकत होते. संध्याकाळी कचेरीतला एक सहकारी येऊन यंत्राच्या भागांचे खोके गाडीत घालून घेऊन गेला. रात्रीच्या जेवणाला सुनेने मास्तरांचे ताट वाढले आणि ती नवऱ्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर तिने थट्टा केली नाही.

पुढला आठवडा मास्तरांनी खोली लावण्यात घालवला. व्हाइस पुन्हा जागेवर बसवला, टेबल तेलाने पुसले, कपाटाचे कुलूप काढून टाकले. रविवारी त्यांनी सर्वांत उत्तम कानस निवडली, जिला आजवर परका हात लागलेला नव्हता, आणि ती घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मुलगा कप विसळत होता.

"ये," मास्तर म्हणाले. "तुझा डावा अंगठा जरा जास्त पुढे जातो. कोपऱ्यात दिसलं मला. दाखवतो." यापलीकडे कुणाची स्तुती त्यांनी जन्मात केली नव्हती. मुलाला ते समजेल, असा त्यांचा भरवसा होता.

मुलाला ते समजलेही. त्याने नळ बंद केला. "नको, बाबा. कानस मी देऊन टाकली." त्याच्या आवाजात राग नव्हता, कचेरीत अनोळखी माणसाशी बोलावे तसा तो बोलत होता. "मला कानसकाम कधी शिकायचंच नव्हतं. मला ते यंत्र ठेवायचं होतं."

मग त्याने कप पुसले, एकात एक रचले आणि तो वडिलांपुढे येऊन थांबला.

"जरा सरकता का? कपाट तुमच्या मागे आहे."

मास्तर कानस छातीशी धरून सरकले.