तिसरा चिकू

मोहनराव वसुमतीला बघायला बोर्डीला गेले, तेव्हा दिवाणावर चादरीखाली पिकायला ठेवलेले तीन चिकू गडबडीत तसेच राहून गेले होते. मोहनराव नेमके त्यांच्यावर बसले. दोन कसेबसे वाचले, तिसऱ्याचं थालीपीठ झालं. पोहे संपवून मोहनराव उठले आणि पाठ कुणालाच न दाखवता, नमस्कार करत करत, उलटे चालत फाटकापर्यंत गेले. मधे तुळस लागली, गाय लागली, होणारे सासरे लागले. घरचे म्हणाले, मोठ्यांना पाठसुद्धा दाखवत नाही, काय संस्कार आहेत मुलावर. खिडकीतून खरं काय ते एकट्या वसुमतीने बघितलं, पोटभर हसली आणि होकार देऊन टाकला.

लग्नानंतर मोहनरावांनी तिला शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. तिने पंचवीस वर्षं सांगितलं नाही.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी मात्र तिने ते विणलं. दर शनिवारी डहाणूहून एसटीने तलासरीला, सुषमाताईंच्या विणकामाच्या क्लासला जायची. छोट्या लाकडी चौकटीवर वीतभर पट्टी. दोन तपकिरी गोल, तिसरा चपटा, खाली नागमोडी रेघ. तिसरा काही चपटा होईना. चारदा उसवला. सुषमाताईंनी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, घरचं आहे.

मोहनराव डहाणूला रेल्वेत, तिकीट खिडकीवर. तिने त्यांना प्रत्येक चिकू समजावून सांगितला. मॅच बघता बघता ते "वा, सुंदर" म्हणाले, आणि पट्टी ऑफिसच्या टेबलावर काचेखाली गेली. महिन्याभराने ती डबा द्यायला गेली, तर काचेखाली नुसतं वेळापत्रक. पट्टी धुवायला दिलीय, म्हणाले.

मग तलासरीला सुषमाताईंचं प्रदर्शन लागलं. दारातच दोरीवर चाळीस पट्ट्या. चाळीस चपटे चिकू. खाली कार्ड: 'प्राचीन आदिवासी नक्षी. सूर्य, चंद्र आणि ग्रहण. खाली पूर्वजांची वाट.' क्लासमधली रूपी तिथल्याच पाड्यावरची. ती म्हणाली, "आमच्या पाड्यावर तरी असलं ग्रहण कोणी नाय बघितलं."

सुषमाताई खुशीत होत्या. "अगं, तुझ्या मिस्टरांनीच काढून दिली. मी तिकिटाला गेले होते. म्हणाले, न्या ताई, इथे नुसतीच पडलीय. अर्थ विचारला, तर म्हणाले, असेल कसलंतरी डिझाइन."

आठवड्याने वसुमतीचा वाढदिवस होता. मोहनरावांनी पाकीट आणलं. आत प्रदर्शनातली पट्टी. कार्ड त्यांनी स्वतः वाचून दाखवलं, देवळात वाचतात तसं.

"तिसरा असा चपटा का हो?" तिने विचारलं. अजून थोडी आशा होती.

"ग्रहण आहे ते. फार जुनी कला आहे. तुला नाही कळायची."

रविवारी तिने सोफ्याच्या कव्हरखाली तीन पिकलेले चिकू ठेवले. मोहनराव पेपर घेऊन बसले. तेवढ्यात शेजारचे परेशभाई आले. मोहनराव उठले, दचकले, आणि हात जोडून, उलटे चालत, टीपॉय आणि फ्रिजला वळसा घालून बाथरूममध्ये गेले. चाल तीच, रेघ तीच.

"अगं, हे चिकू कुणी ठेवले इथे?" आतून आवाज आला.

"पूर्वजांनी," वसुमती म्हणाली.

हसू येतंय का म्हणून ती जरा वेळ थांबली. आलं नाही. मग तिने परेशभाईंना चहा विचारला.