वस्फी उस्तांचे बूट

रुश्तू बेंच्या कुत्रीचं नाव जेझवे. कॉफी उकळायच्या दांडीवाल्या भांड्याला जेझवे म्हणतात, आणि घरात आली त्याच दिवशी तिने समोरच्या घरातून तेच पळवून आणलं होतं. तेव्हापासून तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या त्या गल्लीत काही हरवलं की लोक आधी रुश्तू बेंचं दार ठोठावत. लाटणं, कुणाची नमाजाची टोपी, वाळत घातलेल्या जोडीतला एकच मोजा. तळलेल्या कलेजीचा एक पुडा सोडला तर सगळं लोखंडी शेगडीमागे जसंच्या तसं सापडे. रुश्तू बे वस्तू पुसून, कागदात गुंडाळून परत नेऊन देत आणि प्रत्येक दारात तेच पुटपुटत, "माफ करा, लक्ष नव्हतं."

लक्ष पुस्तकात असे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची नोकरी सरली, लग्न राहून गेलं. माणसांशी बोलायचं तर त्यांना वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. जेझवेशी बोलताना मात्र काही जुळवावं लागत नसे.

वसंतात एक दिवस गल्लीचा कारभार पाहणारा मुख्तार इरफान दारात आला.

"रुश्तू बे, आता पुरे झालं. समोरच्या मेलाहत हानिम माझं डोकं खातात. परवा त्यांच्या नव्या सपाता गेल्या. यापुढे एक वस्तू जरी गेली, तरी मी नगरपालिकेची गाडी बोलावणार. मग ती जाईल गावाबाहेरच्या कोंडवाड्यात."

"बांधून ठेवतो."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. दोर कुठाय?"

रुश्तू बेंनी शेगडीमागे पाहिलं. दोरही तिथेच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मेलाहत हानिमचे यजमान वस्फी उस्ता वारले. मासळीबाजारात त्यांचं दुकान होतं. दफन झालं, घरात हलवा भाजला गेला आणि रीतीप्रमाणे त्यांचे बूट दाराबाहेर मांडले गेले. ज्याला गरज असेल त्याने ते उचलून न्यायचे. कुणी नेले ते पाहायचं नाही, विचारायचं नाही. नेणाऱ्याला संकोच नको म्हणून मेलाहत हानिम पडदाही ओढून ठेवत. पण बूट कुणी नेईना. येणारेजाणारे एक नजर टाकत आणि पुढे जात.

मग एका सकाळी बूट दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मेलाहत हानिम हलव्याची बशी घेऊन रुश्तू बेंकडे आल्या. याआधी त्या भांडायला आल्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या.

"चमचा आणा, गरम आहे तोवर खा."

रुश्तू बे चमचा आणायला स्वयंपाकघरात गेले. शेगडीमागे वस्फी उस्तांचे बूट होते. त्या चामड्यात उभ्या जन्माची मासळी मुरली होती. एरवी बहुतेकदा जोडीतलं एकच उचलणाऱ्या जेझवेने या वेळी दुसरी फेरीही मारली होती, आणि आता दोन्ही बुटांवर हनुवटी टेकून ती झोपली होती.

ते चमचा घेऊन परत आले.

"नेले एकदाचे कुणीतरी," मेलाहत हानिम म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं, यांचे बूटसुद्धा कुणाला नकोत. रोज दार उघडावं तर आपले उभे. जिवंतपणी कधी वेळेवर निघाला नाही हा माणूस, मेल्यावरही तीच तऱ्हा. काल रात्री मात्र मला झोप लागली." मग त्यांनी विचारलं, "तुमची चोरटी कुठाय?"

"आत. झोपलीय."

"झोपू दे. यांचा जीव होता तिच्यावर. माझ्यापासून लपवून माशांची डोकी आणायचे तिला."

रुश्तू बेंनी हलव्याचा घास तोंडात तसाच धरून ठेवला.

त्या गेल्यावर ते विचार करत बसले. गप्प राहावं तर मेलाहत हानिमची झोप एका कुत्रीच्या चोरीवर उभी. सांगावं तर त्यांची झोपही जाणार आणि जेझवेही. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक वाक्य मनात जुळवलं, मुद्रितासारखं खोडलं, पुन्हा जुळवलं. सकाळी बूट कागदात गुंडाळून ते समोर गेले.

"हे माझ्या कुत्रीने नेले होते. माणसाने नाही. माफ करा. तिला मी स्वतःच मुख्तारकडे घेऊन जातो."

मेलाहत हानिमनी पुडक्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"आत आणू नका. बाहेर गेलेले बूट पुन्हा घरात घेत नाहीत. एवढी पुस्तकं वाचता, एवढंही ठाऊक नाही?"

"मग पायरीवर ठेवू?"

"म्हणजे मी पुन्हा रोज दार उघडून बघत बसू?" त्यांची नजर खाली गेली. "तुमच्या बुटाला सुतळी का बांधलीय?"

"तळ सुटलाय."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"बसा त्या पायरीवर. घाला ते."

"पण नेले तिने..."

"कुणी नेले ते मी विचारलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगता कशाला? घाला."

रुश्तू बे बसले. बूट त्यांनी पायांत चढवले. "थोडे मोठे होतायत."

"कागद कोंबा पुढे. कागदाला काय तोटा तुमच्या घरी?"

"आणि मुख्तार?"

"त्याचं काय? बूट द्यायचेच होते, दिले. माझ्या सपाता तेवढ्या शोधून द्या."

रस्ता ओलांडून ते घरी आले. जेझवेने दारातच त्या बुटांचा वास घेतला आणि दुपारी पावाच्या दुकानापर्यंत ती त्यांच्या टाचांना नाक लावून चालली.

सपातांतली एकच सापडली. ती पुसून, कागदात गुंडाळून ते घेऊन गेले. मेलाहत हानिमनी ती उलटसुलट करून पाहिली.

"एकीचं मी काय करू?"

या प्रश्नासाठी रुश्तू बेंनी वाक्य जुळवून आणलं नव्हतं. ते तसेच पायरीवर उभे राहिले. मेलाहत हानिमनीही दार लावून घेतलं नाही.