आतून पुसलेला रांजण

मी रांजण बोलतोय. गुडघ्याएवढा उंच, तांबूस, पोटाला जरा डावीकडं झुकलेला. आत हात घातला तर घसरून जावा इतका गुळगुळीत. लोक त्याच गुळगुळीतपणाचं कौतुक करतात, आणि मला तेच ऐकवत नाही. का, ते सांगतो. सावकाश ऐका.

माझी माती चारठाण्याकडच्या एका तळ्यातली. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ निघतो, तो शेतात पसरतात. त्यातली एक ट्रॉली तेवढी परभणीला आली, कॉलेजाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं पोरंपोरी मातीकाम शिकतात. शेडला ते स्टुडिओ म्हणतात. वर पंखा कुरकुरतोय, खाली सगळ्यांचे पाय चिखलात, आणि चहा कुणी आणायचा यावरून रोज तंटा.

पण तिथं एक रीत होती. सकाळी जो पहिला येईल, त्यानं सगळ्यांच्या ओल्या कामावर पाणी शिंपडायचं. बोलणं बंद असलं तरी शिंपडायचं. दुसऱ्याचं मडकं वाळून तडकलं तर ती सगळ्यांची लाज. अशी माया होती त्या पोरांची. माझं वाटोळंही त्याच मायेनं झालं.

मला घडवलं राजेश्रीनं. देवगाव फाट्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. बारकी, सावळी, बोलायला फटकळ. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं. ते बोट ती कायम ओढणीत लपवायची. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायची, आतून बोटांनी दाबून सांधायची. मग तिच्या चार बोटांचे ठसे उमटत. तीन खोल, एक उथळ. शिकवणारे सारंग सर बघायच्या आत ती ओला स्पंज घेऊन ते सगळे पुसून टाकायची. तिच्या एकाही भांड्यात आजवर तिचा हात दिसला नव्हता.

"राजे, रांजण करायलीस का रस्ता लोटायलीस?" हरिओम चिडवायचा. तिच्याच वर्गातला.

"तुझ्या मडक्यात पाणी ठरत न्हाई, तू आधी ते बघ," ती म्हणायची.

मी माझ्या खांद्यापर्यंत घडलो होतो तेव्हाची गोष्ट. सगळे चहाला गेलेले. राजेश्रीनं फोन स्टुलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि मातीचे हात तसेच ठेवून आईशी बोलायला लागली. आईचं नाव कस्तुराबाई.

"काय करायलीस माय?"

"शेंगा फोडायले. तू जेवलीस का?"

"जेवते. ऐक की. ह्या रांजणाला आतून पुसणार न्हाई मी. बोटं तशीच ठेवायले."

पलीकडं शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"तूच म्हणतीस ना, बोट दडवू नको," राजेश्री म्हणाली.

"दडवूच नको. वल्या फडक्यात गुंडाळून ते पेर मी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं जोडलं न्हाई, त्याला मी काय करू. लाज धरावी असं त्यात काय हाय?"

"म्हणून तर. कॉलेजातल्या परदर्शनाला ये तू. आत हात घाल. माझी बोटं लागतील तुला. त्यातलं ते बोट कोणतं, तू वळखशील."

"आंधळ्यानं बी वळखावं असं बोट हाय ते. आधी जेव."

हे बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

माझा काठ वळवून झाला. तिनं मला ओल्या फडक्यात गुंडाळलं, वरून प्लॅस्टिक घातलं आणि शनिवारी गावाकडं निघाली. फाट्यावर उतरली. रस्ता ओलांडताना टेम्पोनं उडवलं. जागीच गेली.

शेडमध्ये पंखा बंद होता. कुणी मातीला हात लावला नाही. पण सकाळी कुणीतरी यायचं आणि माझ्या फडक्यावर पाणी शिंपडून जायचं. मला तडकू दिलं नाही त्यांनी.

तेरावं झाल्यावर सगळे जमले. सरांनी माझं फडकं सोडलं.

"हा प्रदर्शनात पहिला ठेवायचा," सर म्हणाले. "तिची आई येणार आहे."

अर्पितानं आत वाकून बघितलं. ही राजेश्रीची मैत्रीण, एका खोलीत राहणारी. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

"सर, आतून बघा. वळ्या तशाच आहेत, बोटं उठलीत सगळीकडं. बिचारीला पुसायला वेळच मिळाला नाही."

"असू दे की तसंच," हरिओम म्हणाला.

"तिनं कधी असं काम लोकांपुढं ठेवलंय का रे? तिला किती लाज वाटायची तुला माहीत नाही. मला माहीत आहे."

सरांनी आत वाकून बघितलं. मला वाटलं, हा माणूस नाही म्हणेल. ते म्हणाले, "पुसा. पण हळू. झुकलाय तो."

स्पंज आत आला. थंडगार. अर्पितानं काठापासून सुरुवात केली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. ती रडत होती आणि पुसत होती. मग हरिओमनं घेतला, मग बाकीच्यांनी. ज्याला त्याला आपला हात लागावा असं वाटत होतं. तळाशी एका ठिकाणी बोटं फार खोल गेली होती, तिथं त्यांनी मऊ माती भरली आणि पत्र्याच्या पट्टीनं सपाट केली. बादलीतलं पाणी गढूळ होत गेलं. ते पाणी त्यांनी नेहमीसारखं मातीच्या हौदात ओतलं. राजेश्रीचा हात त्या पाण्यात गेला.

भट्टीत ठेवलं तेव्हा मी एकच मागणं मागत होतो, की फुटावं. पण पोरांनी इतक्या मनानं काम केलं होतं की साधी चीरसुद्धा गेली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता, मागं राजेश्रीचा फोटो. कस्तुराबाई दारातच चपला काढून आली. फोटोकडं तिनं एकदाच बघितलं. मग माझ्यापाशी बसली.

"हात घालू का सर आत?"

"घाला की, मावशी. तुमचाच आहे."

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. बोटं फिरू लागली. काठाखाली, पोटाला, झुकल्या बाजूला. पुन्हा काठाखाली. तळाला. मला कळत होतं ती काय शोधतेय. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

अर्पिता तिच्या शेजारी टेकली. "आतून आम्ही सगळ्यांनी मिळून गुळगुळीत केलंय, मावशी. तिची बोटं उठली होती, अर्धवट राहिलं होतं. तिला आवडलं नसतं तसं."

आतला हात थांबला. नखं माझ्या अंगावर घट्ट दाबली गेली, तेवढं मला जाणवलं. बाहेरून काही दिसलं नसेल.

"चुकलं का काही?" अर्पितानं विचारलं.

कस्तुराबाईनं हात बाहेर काढला. पोरीच्या डोक्यावरून फिरवला.

"न्हाई गं बाई. लय चांगलं केलंत. तिला असंच लागायचं."

आता मी तिच्या घरात आहे, न्हाणीच्या भिंतीला. माझ्यात शेंगा भरलेल्या असतात. कस्तुराबाई माझ्यात हात घालत नाही. शेंगा पाहिजेत तर मला आडवा करते, सुपात ओतून घेते, पुन्हा उभा करते. जड आहे मी. तरी तसंच करते.

अर्पिता अधूनमधून येते. आल्या आल्या माझ्यात हात घालते, म्हणते, "किती छान झालंय ना, मावशी?" कस्तुराबाई म्हणते, "झालंय की. चहा ठेवते," आणि चुलीकडं तोंड करून बसते.

माझं मागणं आता एवढंच. तुमच्यातलं कुणी कधी फाट्यावर उतरलं, त्या घरी गेलं आणि अर्पिता तिथं भेटली, तर माझं कौतुक करा. चांगला गुळगुळीत झालाय म्हणा. तिला यातलं काही सांगू नका.